पहिल्यांदा एकटं जाताय? आधी वाईला जाऊन या

पहिल्यांदा एकटं फिरायचं म्हणून एकदम मनाली-बिनालीचं बुकिंग करू नका, आधी एक दिवसाची ट्रायल घ्या. पुण्यात असाल तर सकाळी स्वारगेटवरनं वाईची एसटी पकडा, साधारण नव्वद किमी, बायकांना हाफ तिकीट. सुट्टे पैसे ठेवा आणि परतीची शेवटची गाडी कितीची ते वाईला उतरल्या उतरल्या स्टँडवरच विचारून घ्या, संध्याकाळी धावपळ नको.

ढोल्या गणपती, कृष्णेचा घाट बघा, मग तीनेक किमीवर मेणवली. तिथं नाना फडणवीसांचा वाडा आहे आणि घाटावरच्या देवळाजवळ ती मोठी घंटा, चिमाजी अप्पांनी १७३९ला वसई घेतली तेव्हाची, पोर्तुगीजांची.

खरी परीक्षा जेवताना बरं का. मी पहिल्यांदा एकटीच खानावळीत बसले तेव्हा वेटरने "अजून कोण येणारे?" विचारलं आणि मी चक्क "हो, येतायत" अशी थाप मारली, मग पिठलं-भाकरी येईपर्यंत उगाच मोबाईलमध्ये डोकं. तुम्ही मोबाईल पर्समध्येच ठेवा. पहिली दहा मिनिटं जाम अवघड जातात, नंतर कोणी बघत नसतं हे कळतं आणि आपल्याला नक्की काय खायचंय, कुठं अजून थांबावंसं वाटतंय हेही पहिल्यांदाच सुचायला लागतं, कारण "तुला चालेल ना?" विचारायला शेजारी कोणी नसतं. मी तर घाटावर दोन तास नुसती बसून होते, घरी कोणाला पटलं नाही.

लाईव्ह लोकेशन मात्र एकाला पाठवा, अख्ख्या फॅमिली ग्रुपवर नको, दर अर्ध्या तासाला "जेवलीस का" येतं.