घरात इंधनाचा कोटा ठरवलाय? मग या चुका टाळा

आम्ही पहिल्यांदा घरच्या गाडीसाठी महिन्याला २५ लिटर ठरवले आणि १९ तारखेलाच ते संपले. आकडाच हवेतला होता. त्याआधी आपण किती जाळतो, हे कुणी मोजलेलं नव्हतं. जुन्या पावत्या काढल्यावर तीन महिन्यांची सरासरी ४७ लिटर निघाली. म्हणजे एका झटक्यात जवळपास निम्म्यावर यायला निघालो होतो. दुसऱ्या खेपेला ४० वर थांबलो, ते अंगवळणी पडल्यावर ३५ वर आलो. कोटा ठरवण्याआधी दोन महिने काहीही न बदलता नुसतं मोजा.

टाकी फुल्ल करा, किलोमीटरचा आकडा टिपा आणि पुढच्या वेळी पुन्हा फुल्ल करा. मधल्या अंतराला दुसऱ्यांदा भरलेल्या लिटरनी भागा. ४२० किलोमीटरला ३० लिटर लागले, तर ॲव्हरेज १४. डॅशबोर्डवर दिसणारा आकडा बऱ्याचदा थोडा चढाच असतो, त्यावर विसंबू नका. कोटा पैशांत नको, लिटरमध्येच हवा. भाव हलला की पैशांतला कोटा ताणतो नाहीतर आवळतो. घरात दुचाकी असेल तर तिचं पेट्रोलही यातच धरा.

चावी ज्याच्या हाती, त्याच्याच गळ्यात कोटा

आम्हाला सगळ्यात महागात पडलेली चूक हीच. गाडी मी चालवते, म्हणून लिटर सांभाळणंही माझ्याकडे आलं. मला क्लासला सोड, आजीचे रिपोर्ट आण, चार्जर राहिला, परत जाऊन ये. मागणाऱ्याला खर्च दिसत नव्हता आणि ‘नाही’ म्हणून वाईट मी ठरत होते. आठवडाभर घरात धुसफूस चालली. मग चावीच्या खुंटीशेजारी एक वही टांगली. ज्याला फेरी हवी त्याने स्वतःच्या हाताने लिहायचं: कुठे, किती किलोमीटर, कशासाठी. काही दिवसांतच मुलगा आपणहून दोन कामं एका फेरीत बसवू लागला. मला एक शब्दही बोलावा लागला नाही. फेरी ज्याला हवी, कोटा त्याच्या डोक्यात असायला हवा.

माणशी सारखे लिटर वाटणंही चुकीचं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत रेशनिंग आलं तेव्हा गरजेनुसार वर्ग पाडले होते: सर्वसाधारण मोटारीला ‘ए’ स्टिकर, त्यावर सुरुवातीला आठवड्याला ४ गॅलन, म्हणजे साधारण १५ लिटर, डॉक्टरांसारख्यांना मात्र वरचा वर्ग. घरातही तसंच करा. दवाखाना तर कोट्याबाहेरच ठेवा, आणि हे सगळ्यांसमोर मोठ्याने सांगा. छातीत दुखतंय आणि कुणी वहीकडे बघतंय, असं कधीही होता कामा नये.

उतारावर न्यूट्रल

इंधन वाचवायला म्हणून हे अजूनही सर्रास केलं जातं. आजच्या इंजेक्शनच्या, म्हणजे संगणक मोजून इंधन सोडतो अशा गाड्यांत गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की उतारावर इंधनाचा पुरवठा जवळजवळ बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन सुरू ठेवायलाच इंधन लागतं. शिवाय इंजिनाचा रोध जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. कृपा करून हे करू नका.

दोन-दोन किलोमीटरच्या सुट्या फेऱ्याही कोटा खातात. थंड इंजिनाला जास्त इंधन लागतं, आणि ते पुरतं तापण्याआधीच आपण पोचलेलो असतो. सकाळी एक आणि संध्याकाळी एक करण्यापेक्षा दोन्ही कामं सलग उरकून या. टायरमधली हवा महिन्यातून एकदा तरी तपासा.

आणि वाचलेलं पेट्रोल कॅनमध्ये भरून घरात ठेवू नका. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचते, एक ठिणगी पुरते. उरलेले लिटर वहीत पुढच्या महिन्यात ओढा. तेही निम्मेच, नाहीतर एका लांबच्या सहलीत सगळी शिल्लक उडते आणि पुढचा महिना कोरडा जातो.

२४ तारखेलाच संपलं तर?

गुपचूप भरू नका. भरावं लागलं तर उणे लिहा आणि पुढच्या महिन्यातून वळते करा. शेजारी त्याच दिशेने निघालेच असतील तर त्यांच्यासोबत जरूर जा. पण खास तुमच्यासाठी त्यांना गाडी काढायला लावली, तर ते लिटर तुमच्याच वहीत मांडा.

मग सगळ्यांनी बसून वही चाळा आणि कोणती नोंद सारखी येते ते बघा. आमच्याकडे ती होती ‘विसरलेली वस्तू आणायला’: एका महिन्यात ९ वेळा. आता दुसऱ्या दिवशीचं सामान आम्ही आदल्या रात्रीच दाराशी काढून ठेवतो.