मोर्चा टिपताना: मूळ फाइल जपा, माणसंही जपा

२५ मे २०२० रोजी अमेरिकेतल्या मिनीॲपोलिस शहरात गोऱ्या पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा जीव गेला, तेव्हा डार्नेला फ्रेझर ही १७ वर्षांची मुलगी मोबाइल धरून उभी राहिली. ते चित्रण सलग होतं, म्हणूनच ते खोडून काढणं अवघड गेलं. वर्णद्वेषाविरुद्धचा मोर्चा टिपताना कॅमेरा सारखा फिरवू नका; रस्त्याची पाटी एकदा तरी चौकटीत घ्या. मूळ फाइल काटछाट न करता वेगळी ठेवा, तारीख-वेळेची नोंद तिच्यातच असते.

प्रसिद्धीसाठी दुसरी प्रत करा. संमती नसलेले चेहरे तिच्यात भरीव रंगाने झाका; नुसते धूसर केलेले चेहरे कधीकधी ओळखता येतात. गोंदण आणि कपड्यांवरूनही माणूस सापडतो, तेही तपासा.

मुलाखत मात्र घोषणांच्या गोंगाटात उरकू नका. नंतर निवांत बसून विचारा, "तुम्ही या चळवळीत कशा आलात?" आणि मग खरोखर गप्प राहा. कार्यकर्तीची गोष्ट तिच्याच शब्दांत, तिला सुचेल त्या क्रमाने येऊ द्या. प्रसिद्ध करण्याआधी तिला दाखवा. तिने एखादं वाक्य काढायला सांगितलं, तर वाद न घालता काढा.