बेळगावच्या डोंगरांतली ट्रेल रेस: चढ चाला, उतार शिका

यळ्ळूरचा राजहंसगड, पलीकडची वैजनाथ-महिपाळगडाची रांग, नाहीतर खानापूरकडचा जांबोटी-कणकुंबीचा पट्टा. बेळगावातल्या धावणाऱ्याला ट्रेल, म्हणजे डोंगरवाटेवरची धावण्याची शर्यत, म्हटलं की हेच डोंगर आठवतात. रस्त्यावर २१ किलोमीटर दोन तासांत मारणारा गडी इथं तीन तासांच्या वर जातो आणि आपलं काय चुकलं म्हणून डोकं धरून बसतो. चुकलेलं काही नसतं, हिशेब वेगळा असतो. दर १०० मीटर चढाला सपाटीचा एक किलोमीटर जादा धरायचा. २१ किलोमीटरमध्ये एकूण ८०० मीटर चढ असेल, तर अंगाला २९ किलोमीटर पडतात. वर दगड आणि चिखल आहेतच. म्हणून नोंदणी करताना अंतराच्या आधी एकूण चढ विचारा.

चढावर धावायचा हट्ट सोडा. चार शब्दांचं वाक्य एका दमात बोलता येत नसेल, तर चाला. कमरेतून थोडं पुढं झुका, तळहात गुडघ्याच्या वर मांडीवर टेकवा आणि प्रत्येक पावलाला मांडी खाली दाबा. पावलं लहान ठेवा, टाचा उचलून पोटऱ्यांवर सगळा भार घेऊ नका. तसं केलं की पुढच्या टप्प्यात पोटरीत गोळे येतात. सुरुवातीला वाट अरुंद व्हायच्या आत पुढं जायला सगळे उधळतात. त्यातले बरेच पहिल्या चढाच्या मध्यावर कमरेवर हात ठेवून उभे दिसतात.

खरी शर्यत उतारावर हरली जाते, आणि उताराचा सराव मात्र फारसं कुणी करत नाही. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात. त्यानं त्यांना बारीक इजा होते, आणि दुखणं एक-दोन दिवसांनी वर येतं. पण एकदा हा मार खाल्लेले स्नायू पुढचे काही आठवडे तितके दुखत नाहीत. म्हणून शर्यतीआधी बारा आठवड्यांपासून आठवड्यातला एक दिवस डोंगराला द्या. राजहंसगडावर गाडीरस्ता जातो. आधी त्याच रस्त्यानं उतरायला शिका, मग पायवाटेला लागा. तीन फेऱ्यांपासून सुरू करून हळूहळू सहावर न्या. शेवटचा जोरदार उतार शर्यतीच्या १०-१४ दिवस आधी मारा, त्यानंतर नको.

उतरताना मागं रेलू नका. मागं रेललं की टाच आधी पडते आणि टाच घसरली की माणूस बसतोच. गुडघे जरा वाकलेले, हात बाजूला मोकळे, पावलं आखूड आणि भराभर. नजर पायाखाली नको, तीन-चार मीटर पुढं हवी.

आपली जमीन जांभ्याची, तिचे नखरे ऋतूप्रमाणं बदलतात. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरतं, तिथं कुठलाही बूट धरत नाही. पाय सपाट टाकून चालत पार व्हा. पाऊस सरला की तोच दगड झिजून बारीक खडे सुटतात आणि उतारावर सायकलच्या छऱ्यांवर पाय ठेवल्यासारखं होतं. अशा वेळी वाटेच्या मधोमध न धावता कडेच्या गवताळ पट्ट्यावरून उतरा. ऑक्टोबरनंतर मात्र त्याच गवताची कुसळं मोज्यात घुसतात, तेव्हा घोट्याच्या वर येणारे मोजे घाला. दगडावर हात टेकण्याआधी बघा. फुरसं असल्याच जागी बसतं. आणि वाट भाताच्या बांधावरून असेल, तर बांधाच्या मधूनच जा. कड ढासळली की वाफ्यातलं पाणी फुटतं, आणि मग शेतकऱ्याच्या शिव्या खाव्या लागल्या तर त्याचं काही चुकत नाही.

बुटाच्या तळाचे दात ४ ते ६ मिलिमीटर असावेत आणि अंगठ्यापुढं बोटभर जागा हवी. नाहीतर उतारावर बोटं पुढं आपटून नखं काळी पडतात. नखं तीन दिवस आधी कापा. टाच बुटात हलू नये म्हणून नाडी दोन्ही बाजूंना सगळ्यात वरच्या जादा भोकातून त्याच बाजूला आत घालून छोटा फास करा. प्रत्येक फासातून समोरच्या बाजूची नाडी ओवा, दोन्ही टोकं खाली ओढा, मग गाठ मारा.

तासाला ४०० ते ८०० मिलिलिटर पाणी घोट घोट घ्या. नुसतंच पाणी ढोसलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, मळमळतं, डोकं जड होतं. ओआरएसची मोठी पुडी एक लिटरची असते, ती छोट्या बाटलीत कोंबू नका; दाट झालं की पोट बिघडतं. खाणं तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकांचं: एक मोठं केळं आणि पाच-सहा खजूर. कुंदा घरी आल्यावर. धावताना खव्याचं जड पोटात उतरत नाही.

खुणेची रिबन २००-३०० मीटरमध्ये दिसली नाही, तर पुढं जाऊन बघू म्हणू नका, मागं फिरा. मार्गाची फाईल मोबाईलमध्ये आधीच उतरवून ठेवा. वैजनाथ, महिपाळगड चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, आणि पायथ्याजवळची काही गावं कर्नाटकात. ११२ किंवा १०८ लावलात तर मोबाईलनं कुठला टॉवर धरलाय त्यावर फोन इकडं की तिकडं लागतो, म्हणून राज्य, तालुका आणि जवळचं गाव पहिल्याच वाक्यात सांगा. भीमगड अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय सरावाला शिरू नका. जांबोटी-कणकुंबीच्या रानात उजाडण्याआधी एकटं धावणंही नको. तिथं गवे आणि अस्वलं आहेत.

घरी आल्यावर बूट उन्हात टाकू नका, डिंक सुटून तळ उकलतो. पाण्यानं लाल माती काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत ठेवा, दोन तासांनी बोळे बदला. मोजे उलटे करून कुसळं उपटल्याशिवाय मशीनला लावू नका, घरच्यांच्या कपड्यांत शिरतात.