एकट्या माणसाचंही कार्ड हवं

धर्मग्रामाची, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या कॅथलिक समाजाची, नोंदवही बहुधा घरानुसार असते. एक कुटुंब, एक कार्ड, वर कर्त्या पुरुषाचं नाव. भावाच्या घरी राहणारी चाळिशीतली बहीण, लग्न न जमलेला कपाशीचा कास्तकार, नवऱ्याच्या आत्महत्येनंतर माहेरी परतलेली बाई, मिशनच्या दवाखान्यात दुसऱ्या राज्यातून आलेली नर्स, ही माणसं त्या कार्डावर शेवटच्या ओळीत सापडतात किंवा सापडतच नाहीत. म्हणून काम वहीपासूनच सुरू करा.

पंचवीस वर्षांवरच्या प्रत्येक एकल माणसाचं स्वतंत्र कार्ड काढा. त्यावर नाव, गाव, फोन, कुणाकडे राहतात, कोणत्या दिवशी मोकळे असतात आणि काय करायला आवडेल, एवढंच लिहा. ‘लग्न का नाही?’ हा रकाना नको, आणि तो प्रश्न तोंडीही विचारू नका. ज्याला सांगायचं आहे तो आपणहून सांगतो.

भेटीला दोघांनी जा. बाईकडे जाताना सोबत एक बाई असलीच पाहिजे, नाहीतर गावात चर्चा होते आणि तिचा त्रास त्या बाईलाच भोगावा लागतो. सोयाबीन काढणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी माणूस थकून येतो, तेव्हा वीस मिनिटांत उठा. विधवा किंवा सोडलेली बाई असेल तर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरलाय का, ते विचारा. भरला नसेल तर तहसील कार्यालयात तिच्यासोबत जा. नुसत्या प्रार्थनेच्या आमंत्रणापेक्षा या सोबतीने जास्त विश्वास बसतो.

महिन्यातून एकदा जवळच्या तीन-चार गावांतल्या सहा ते आठ जणांची बैठक घ्या. तासभर पुरे. वेळ शेवटच्या एसटीचा हिशेब करून ठरवा; उशीर झाला तर पुढच्या वेळी बायका येणार नाहीत. बैठकीला स्थळं जुळवण्याचा मेळावा करू नका. एकदा तसा समज झाला की ज्यांना लग्न करायचं नाही ते पहिल्यांदा बाहेर पडतात.

त्यांना काम द्या, पण फक्त खुर्च्या मांडण्याचं आणि स्वयंपाकाचं नको. ‘तुला काय, संसार नाही’ म्हणून सगळा भार त्यांच्यावर टाकण्याची आपल्याकडे वाईट सवय आहे. वाचन, गायन, धर्मशिक्षण, धर्मग्रामाच्या समितीतली जागा यांचा विचार करा. बाप्तिस्म्यासाठी धर्ममाता किंवा धर्मपिता एकल असला तरी चालतो: लॅटिन रीतीच्या कॅथलिकांसाठी असलेल्या चर्चच्या १९८३च्या कायद्यातल्या कलम ८७३ प्रमाणे एकच पुरे, आणि ८७४ मध्ये विवाहित असण्याची अट नाही. नागपूर आणि अमरावती धर्मप्रांतांना (बिशपांच्या अखत्यारीतल्या भागांना) हाच कायदा लागू आहे. चांदा धर्मप्रांत सिरो-मलबार, म्हणजे केरळातल्या पौर्वात्य रीतीचा, आहे, त्याला पौर्वात्य कायदा लागतो, तिथे फादरांना विचारून घ्या.

मिस्सेतल्या (चर्चमधल्या मुख्य उपासनेतल्या) प्रार्थनांमध्ये ‘सर्व कुटुंबांसाठी’ म्हणताना ‘एकटं राहणाऱ्यांसाठी’ हेही जोडा. कॅथलिक चर्चच्या धर्मशिकवणीच्या अधिकृत ग्रंथात, परिच्छेद १६५८ मध्ये, एकल व्यक्तींचा वेगळा उल्लेख आहे. पवित्र कुटुंबाच्या (येशू, मरिया आणि योसेफ यांच्या) सणाला प्रवचनात तो घेता येईल. २९ जुलैही हाताशी आहे. २०२१ पासून त्या दिवशी येशूचे बेथानी गावातले स्नेही मार्था, मरिया आणि लाजरस यांची एकत्र आठवण करतात. बेथानीचं ते घर तीन भावंडांचं होतं, आणि शुभवर्तमानांत त्यांच्या जोडीदारांचा उल्लेख नाही.

फोनचं काम जपून करा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो आणि एकट्या बाईला अनोळखी मेसेज येऊ लागतात. ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा. फक्त त्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला असावा, नाहीतर मेसेज पोहोचतच नाही. वाचता न येणाऱ्यांसाठी दोन मिनिटांचा आवाजी निरोप पाठवा. धर्मग्रामाच्या पत्रकात फोटो छापताना दरवेळी जोडपी आणि लेकरंच नकोत. कुणाचाही फोटो विचारून घ्या, आणि ‘बिचारी’, ‘अजून अविवाहित’ असे शब्द काढून टाका.

सर्वांत जास्त लक्ष आजारपणाकडे द्या. दवाखान्यात सोबत कोण थांबेल, घरची गाय-बकरी कोण बघेल, कुणाला कळवायचं, याची दोन नावं आणि नंबर कार्डामागे लिहा. अंत्यसंस्कार कुठे हवा तेही शांतपणे विचारा, उत्तर बंद लिफाफ्यात फादरांकडे ठेवा आणि दरवर्षी २ नोव्हेंबरच्या, म्हणजे मृतांच्या स्मरणदिनाच्या, आधी त्या माणसाकडून ते पुन्हा तपासून घ्या.