गोल्फ ग्रीनला हिवाळी कव्हर कसं घालावं आणि कधी काढावं

'कव्हर घाला, गवत थंडीपासून वाचेल' हा सल्ला ऐकून मला आता वीट आला आहे. बर्फ पडणाऱ्या भागात ग्रीनचं, म्हणजे गोल्फच्या भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीचं, गवत नुसत्या थंडीने क्वचित मरतं. ते मरतं साचलेलं पाणी गोठल्याने, बर्फाच्या घट्ट थराखाली गुदमरून किंवा कोरड्या वाऱ्याने सुकून. यातलं तुमच्या ग्रीनवर काय होतं हे आधी ओळखा आणि मगच कव्हर घ्या.

उघड्यावरचं, वारा झोडपणारं ग्रीन असेल तर विणलेलं, हवा-पाणी आत जाऊ देणारं कव्हर पुरेसं आहे. बर्फाची लादी धरत असेल तर ते कव्हर काहीच कामाचं नाही, कारण पाणी त्यातून खाली उतरतं आणि गवताशीच गोठतं. तिथे पाणी न झिरपणारं कव्हर लागतं, आणि शक्य असेल तर त्याखाली फोमचा किंवा पेंढ्याचा उबदार थर. बर्म्युडा या उष्ण हवेतल्या गवताच्या ग्रीनची गोष्ट निराळी. तिथे साधारण उणे ४ अंश सेल्सिअसचा अंदाज आला की कव्हर घालतात आणि ऊन तापलं की काढतात, हिवाळाभर ठेवत नाहीत.

सगळ्या ग्रीनना पुरेल एवढं कव्हर नसेल तर सावलीतली, खोलगट आणि पोआ अॅन्युआ (ग्रीनमध्ये आपोआप शिरणारं तणासारखं गवत) जास्त असलेली ग्रीन आधी झाका. बर्फाच्या लादीखाली पोआ दीड-दोन महिन्यांत मरू लागतं. क्रीपिंग बेंटग्रास, म्हणजे ग्रीनवर मुद्दाम लावलं जाणारं बारीक गवत, तीन-चार महिने तग धरतं.

घालण्याची घाई करू नका. थंडी हळूहळू वाढते तेव्हा गवत आपल्यातलं पाणी कमी करतं, साखर साठवतं आणि कणखर होतं. त्याआधीच झाकलंत तर ते उबेत कोवळं राहतं आणि बुरशीला आयतं सापडतं. वाढ पूर्ण थांबू द्या, मातीचा वरचा थर रात्री गोठायला लागू द्या. कापणीची उंची वाढवणं, नत्र बंद करणं, निचरा मोकळा करणं ही कामं एव्हाना झालेली असतीलच. शेवटी बर्फाखालच्या बुरशीवरचं औषध फवारा, ते वाळलं की झाका.

अंथरताना दोन तुकड्यांचा सांधा कौलांसारखा यायला हवा: वरच्या उताराचा तुकडा खालच्यावर. कव्हर ग्रीनच्या कडेबाहेर मीटर-दीड मीटर जाऊ द्या, वरच्या उताराची कड उथळ चरात पुरा, बाकीच्या कडांना खिळे आणि वाळूच्या गोण्या. कडेचा एक कोपरा सुटला तर वारा तिथून शिरून सगळं उचकटतो.

भर हिवाळ्यात कव्हरवरचा भुसभुशीत बर्फ तसाच राहू द्या, त्याची ऊब असते. पाणी न झिरपणाऱ्या कव्हरखाली मात्र हवेकडे लक्ष हवं. गोठलेल्या जमिनीतही गवत आणि सूक्ष्मजीव श्वास घेत असतात, आतला प्राणवायू कमी होत जातो. जुन्या मुळ्या-काड्यांचा थर जाड असेल तर प्राणवायू लवकर संपतो. कड उचलून नाक खाली न्या. आंबूस, कुजका वास आला तर सौम्य दिवशी कडा उघडून हवा खेळू द्या. आधीच भोकांचे पाइप घालून ठेवले असतील तर पंख्याने हवा सोडा.

आता खरी कसोटी, म्हणजे कव्हर काढणं. याबद्दल कोणी धड सांगत नाही, आणि माझं सगळ्यात मोठं नुकसान इथेच झालं.

हिवाळ्याच्या शेवटी चार दिवस लख्ख ऊन पडलं होतं. कड उचलली तर खाली हिरवंगार गवत. मी सगळी कव्हरं काढली, गुंडाळली आणि गोदामात पाठवली. पाचव्या दिवशी दुपारी पाऊस झाला आणि रात्री कडक गोठलं. सकाळी गवत हिरवंच होतं, म्हणून मी निर्धास्त राहिलो. तिसऱ्या दिवशी ग्रीनचे खोलगट भाग पेंढ्यासारखे पिवळट पडले. एक रोप उपटून क्राउन, म्हणजे मूळ आणि पान जुळतात तो मातीलगतचा पांढरा गड्डा, नखांत दाबला. तपकिरी पाणी निघालं. उन्हाच्या उबेने क्राउनने पाणी ओढून घेतलं होतं, थंडीसाठी कमावलेला कणखरपणा गेला होता, आणि तेच पाणी आत गोठून पेशी फुटल्या होत्या. ते भाग पुन्हा पेरून भरून यायला अर्धा उन्हाळा गेला.

म्हणून माझं ठाम मत आहे की गवताच्या रंगावर कव्हर काढू नये. कॅलेंडरवर तर नाहीच. पुढच्या आठ-दहा दिवसांचा अंदाज बघा आणि त्यात पावसानंतर येणारी गोठवणारी रात्र शोधा. पावसाविना पडणारं दहिवर एवढं घातक नसतं. भिजलेल्या गवतावर अचानक पडलेली थंडी मारते.

काढायचा दिवस ढगाळ आणि वारा नसलेला निवडा, कारण अंधारातून एकदम प्रखर उन्हात आणि वाऱ्यात गवत आणणं चुकीचं आहे. सकाळीच सुरुवात करा. कव्हरवर साचलेलं वितळलेलं पाणी पंपाने किंवा रबरी पट्टीच्या झाडूने आधी ग्रीनबाहेर घालवा. ते तसंच ठेवून कव्हर दुमडलंत तर सगळं पाणी सखल भागातच ओतलं जातं, आणि अंधार पडेपर्यंत निचरा झाला नाही तर माझ्यासारखीच रात्र तुमच्याही वाट्याला येईल.

कव्हर काढून गोदामात नेऊ नका. उताराच्या वरच्या कडेला गुंडाळून ठेवा, दोन-तीन आठवडे तरी. गोठण्याचा अंदाज आला की संध्याकाळी पुन्हा ओढा, सकाळी पुन्हा काढा. दमवणारं काम आहे, पण पुन्हा पेरण्यापेक्षा कितीतरी सोपं.

उलट बाजूला, भीतीपोटी फार उशीर करू नका. ऊन चढलं की कव्हरखाली उकाडा साठतो, पानं लांबट, पिवळी, लुसलुशीत होतात आणि पहिल्याच कापणीत फाटतात. गवत वाढायला लागलेलं दिसलं आणि कडक गोठण्याचा अंदाज नसला की कव्हर जाऊ द्या.

कोणतं ग्रीन जिवंत आहे हे आधीच कळायला हवं असेल तर हिवाळ्याच्या उत्तरार्धात कपाच्या कटरने (गोल्फचं भोक पाडायच्या अवजाराने) प्रत्येक ग्रीनच्या सखल आणि उंच भागातून एकेक तुकडा काढा. तो थंड जागेत सावकाश वितळू द्या, मग खिडकीत ठेवा, ओल राखा. साधारण दोन आठवड्यांत कोंब फुटले नाहीत तर बियाणं मागवायला लागा.

कव्हर साठवण्यापूर्वी पूर्ण वाळवा, कोपऱ्यावर ग्रीनचा क्रमांक आणि उताराची दिशा रंगाने लिहा, आणि उंदीर पोचणार नाहीत अशा उंचीवर ठेवा.