गाडी बदलली तरी आकडा तोच ठेवायचा असेल तर

आमच्या परभणीत जुनी गाडी काढून नवी घेणारा माणूस रंगावर तडजोड करतो, मॉडेलवर करतो, पेट्रोलऐवजी सीएनजीवरही राजी होतो. नंबरावर मात्र अडून बसतो. मी मुळात विम्याचं काम करते, पण विम्यामागोमाग आरटीओचे कागदही माझ्याच टेबलावर येऊ लागले. त्यामुळे दसरा जवळ आला की फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, जुन्या गाडीचा नंबर नव्या गाडीला लावून मिळंल का?"

मिळतं ते काय, ते आधी नीट समजून घ्या. पूर्ण नंबर म्हणजे एमएच-२२, मधली दोन अक्षरं आणि शेवटचे चार आकडे. हा पूर्ण नंबर गाडीला दिलेला असतो, तुम्हाला नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४१ मध्येच तसं आहे. म्हणून गाडी विकली की नंबर तिच्याबरोबर नव्या मालकाच्या दारात जातो. गुजरातनं २०२२ साली जुना नंबर राखून नव्या गाडीला लावायची योजना आणली, दिल्लीतही तशी सोय आहे, आणि तिथले व्हिडिओ आपल्याकडच्या ग्रुपवर फिरत असतात. ते नियम त्या त्या राज्यापुरते. ते बघून शोरूमवाल्याशी भांडू नका.

आपल्याकडे लोक नेतात ते शेवटचे चार आकडे. जुन्या गाडीवर ५४५४ असेल तर नव्या गाडीलाही ५४५४ घ्यायचा, मधली अक्षरं वेगळी येतील. लांबून बघणाऱ्याला चार आकडेच दिसतात, आणि ज्यांना बेरीज नऊ हवी असते त्यांचंही त्यावर भागतं. यात एक फायदा असा, की जुनी गाडी विकली का नाही याच्याशी या नंबराचा काही संबंध नाही. जुनी दारात उभी असताना नव्या गाडीसाठी तोच आकडा घेता येतो. त्यामुळे "आधी गाडी विकू, मग नंबर बघू" म्हणून थांबायची गरज नाही. उलट आधी नंबर बघा, आणि तोही गाडी बुक करायच्या आधी.

कारण एका मालिकेत, म्हणजे मधली अक्षरं तीच असलेल्या नंबरांत, ५४५४ एकच असतो. चालू मालिकेतला गेला असेल तर पुढची मालिका उघडेपर्यंत थांबावं लागतं. संभाजीनगरला, म्हणजे एमएच-२० ला, गाड्यांची खरेदी मोठी, मालिका भराभर संपते. हिंगोलीच्या एमएच-३८ ला चारचाकीची मालिका निवांत चालते, त्यामुळे तुमचा आकडा गेला असेल तर वाट लांबते. परिवहन खात्याच्या फॅन्सी नंबरच्या पोर्टलवर आपलं कार्यालय निवडलं की कोणते नंबर शिल्लक आहेत ते दिसतं. मोबाइलवर पाच मिनिटांचं काम आहे. लोक ते सोडून चहाच्या टपरीवर चौकशी करतात.

नंबर शिल्लक असेल तर काम सोपं. २०२४ च्या नोव्हेंबरपासून महाराष्ट्रात हे घरबसल्या होतं. आधारला जोडलेला मोबाइल जवळ ठेवायचा, ओटीपी टाकायचा, नंबर निवडायचा, शुल्क ऑनलाइन भरायचं आणि पावती छापून घ्यायची. आधारला जुनाच मोबाइल नंबर जोडलेला असेल, जो आता मुलाकडे पुण्यात आहे, तर ते आधी दुरुस्त करून घ्या. माझ्याकडे येणाऱ्यांची निम्मी कामं इथंच अडतात.

नंबर शिल्लक नसेल, किंवा लोक ज्यावर टपूनच बसतात असा असेल, तर नवी मालिका उघडायची वाट बघायची. त्याची सूचना कार्यालयाच्या फलकावर लागते आणि वर्तमानपत्रातही येते. कोणत्या तारखेला, किती ते किती वाजेपर्यंत अर्ज घेणार, डीडी, म्हणजे बँकेचा डिमांड ड्राफ्ट, कोणाच्या नावानं काढायचा, सगळं त्यात असतं. अर्जासोबत मूळ शुल्काचा डीडी, आधार, पॅन आणि पत्त्याचा पुरावा. एका नंबरासाठी एकच अर्ज आला तर नंबर तुमचा. जास्त आले तर त्या नंबरांची यादी लागते आणि मग खरी गंमत सुरू होते.

मग प्रत्येकानं मूळ शुल्काच्या वर जेवढं द्यायची तयारी आहे तेवढ्या रकमेचा दुसरा डीडी काढायचा आणि बंद लिफाफ्यात घालून द्यायचा. ज्याचा आकडा मोठा, त्याला नंबर. बाकीच्यांना त्यांचे डीडी परत. जुन्या काळी मोंढ्यात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा, त्यातलाच हा प्रकार: समोरच्याच्या मनात काय आहे ते कळत नाही, आणि एकदा बोट धरलं की मागं फिरता येत नाही. जिंतूरकडच्या एका आडत्याबरोबर मी गेले होते. बँकेतून निघताना त्यांनी डीडी दुमडून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला. लिफाफा चिकटवायला खिडकीशी उभे राहिले तर शेजारच्या पोराकडे पाठ करून, कोपर आडवं लावून, जणू बारावीचा पेपरच लिहितायत. त्या पोराचं लक्ष खरं म्हणजे स्वतःच्याच लिफाफ्यावर होतं. लिफाफे उघडले तेव्हा दोघांच्या रकमेत फरक अगदी थोडा निघाला. शेठनी गोल रकमेच्या वर थोडे सुटे रुपये घातले होते, तेच कामाला आले. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते: पन्नास हजार देणार असाल तर नुसते पन्नास लिहू नका. गोल आकड्यावर सगळेच थांबतात.

हे करायच्या आधी घरात बसून वरची मर्यादा ठरवा. गर्दीत, फोनवर, मेहुण्याच्या सल्ल्यानं ठरवू नका. आणि डीडीची तारीख, नाव, शहर सूचनेत लिहिलंय तसंच आहे ना ते काउंटरवरच वाचून घ्या. मालिकेचा दिवस आणि बँकेची सुट्टी जोडून आली की लोकांची धांदल होते, म्हणून डीडी सुट्टीच्या आधीच काढून ठेवा.

अजून एक वाट आहे, ती बऱ्याच जणांना माहीत नसते. दुचाकीची मालिका चारचाकीपेक्षा खूप वेगानं संपते, त्यामुळे दुचाकीची नवी मालिका सारखी उघडत असते. त्या मालिकेतला आकडा चारचाकीला घेता येतो, तिप्पट शुल्क भरून. चारचाकीची मालिका उघडायला महिने लागणार असतील आणि गाडी पाडव्यालाच दारात पाहिजे असेल, तर ही वाट महाग असली तरी कामाची आहे.

पैशाचं बोलायचं तर २०२४ च्या ऑगस्टअखेर शासनानं शुल्क वाढवलं. ०००१ चारचाकीला ५ लाख, दुचाकीला १ लाख. संभाजीनगरसारख्या जास्त मागणीच्या ठिकाणी चारचाकीचा ०००१ सहा लाखांना. ०००९, ००९९, ०९९९, ९९९९ आणि ०७८६ हे चारचाकीला अडीच लाख, दुचाकीला ५० हजार. ०१११, ०२२२ या जातीचे चारचाकीला १ लाख. आपल्यासारख्यांचे साधे पसंतीचे आकडे याहून खूप खाली असतात, नेमकी रक्कम पोर्टलवर नंबरासमोर दिसते. माझं मत विचाराल तर लग्नाच्या तारखेचा किंवा जुन्या स्कूटरचा आकडा घेण्यात मजा आहे, त्याला फार पैसे पडत नाहीत. ०००१ साठी पाच लाख मोजण्यापेक्षा तेवढ्यात गाडीचं वरचं मॉडेल येतं. पण ज्याचा त्याचा हौसेचा भाग. भरलेलं शुल्क मात्र परत येत नाही, हे गृहीत धरूनच पुढं जा.

नंबर कोणाच्या नावावर घ्यायचा हेही आधीच ठरवा. आपल्याकडे पैसे वडिलांचे, कर्ज मुलाच्या नावावर आणि गाडी सुनेच्या असं सर्रास असतं. शोरूमच्या बिलावर ज्याचं नाव, नंबराच्या पावतीवरही त्याचंच हवं. पूर्वी राखून ठेवलेला नंबर दुसऱ्याच्या नावावर करताच येत नव्हता. २०२४ च्या त्याच बदलात पती किंवा पत्नी, मुलगा, मुलगी अशा जवळच्यांच्या नावावर तो करायची मुभा मिळाली. भाऊ-भाच्यांसाठी यावर भरवसा ठेवू नका.

पावती हातात आली की लगेच शोरूमला द्या आणि सांगा, नंबर घेतलाय, नोंदणीचा अर्ज या पावतीवरच टाका. तोंडी नको, व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा. सणाच्या गर्दीत शोरूमवाले एकामागून एक गाड्या नोंदवत असतात. एकदा सिस्टिमनं साधा नंबर देऊन टाकला की तुमचा पसंतीचा नंबर हातात नुसता पावतीच्या रूपात उरतो. "नंबर सोडवून देतो" म्हणणारा कोणी भेटला तर हसून पुढं निघा. पैसे पोर्टलवर किंवा डीडीनं सरकारला जातात, मधल्या माणसाच्या फोन-पेवर नाही.

आता पाटी. १ एप्रिल २०१९ पासूनच्या प्रत्येक नव्या गाडीला एचएसआरपी लागते, म्हणजे क्रोमियमचा होलोग्राम आणि लेझरनं कोरलेला क्रमांक असलेली अॅल्युमिनियमची पाटी. ती शोरूमच बसवून देतं. ४१४१ चा "दादा" आणि ८०५५ चा "बॉस" करून आणणारे अजून येतात माझ्याकडे. नंबर खुशाल घ्या, पण पाटीवर तो सरळ आकड्यांतच राहील. वळणं काढली की दंड.

जुन्या गाडीकडे वळू. ती २०१९ च्या आधीची असेल आणि तिला एचएसआरपी बसवलेली नसेल, तर आधी ती बसवा, नाहीतर नाव बदलायचं काम अडतं. चारचाकीला ७४५ रुपये आणि वर जीएसटी. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन बोजा उतरवा. मग गाडी घेणाऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३०. विकणाऱ्यानं राज्यातल्या राज्यात १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं असतं. "गाडी ओळखीच्यालाच दिलीय, करील तो नावावर" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता ते ऐकलं की मी समोर फॉर्मच सरकवते. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं, की नोंदणीत ज्याचं नाव आहे तोच मालक धरायचा आणि अपघाताची भरपाईही त्याच्याच अंगावर. गाडी दोन हातांनी पुढं गेली असली तरी. आणि तुमच्या लाडक्या आकड्याची ती गाडी नांदेडच्या सिग्नलवर लाल दिवा तोडत असेल, तर ई-चलन तुमच्याच मोबाइलवर येणार.

नंबराच्या नादात लोक जे हमखास विसरतात ते माझ्या धंद्यातलं. नो क्लेम बोनस. नंबर गाडीचा असतो, पण हा बोनस तुमचा स्वतःचा असतो. क्लेम न घेता पहिलं वर्ष गेलं की २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५० टक्के सूट मिळते, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर. थर्ड पार्टीच्या, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या, हप्त्यावर नाही. समजा नव्या गाडीचा हा हप्ता १८ हजार आहे, तर ५० टक्के म्हणजे ९ हजार रुपये सरळ वाचतात. त्यासाठी जुन्या गाडीच्या विमा कंपनीकडून बोनस राखल्याचं पत्र मागायचं. सोबत गाडी विकल्याचा पुरावा द्यावा लागतो. हे पत्र तीन वर्षं चालतं. चारचाकीचा बोनस चारचाकीलाच लागतो, बुलेटचा बोनस क्रेटाला लावून मिळत नाही. शोरूममध्ये गाडीबरोबर पॉलिसी काढून देतात तेव्हा हे पत्र कोणी स्वतःहून मागत नाही, तुम्हीच पुढं करा. पत्र हातात नसेल तर पॉलिसीवर सही करायची घाई करू नका.

फास्टॅग जुन्या गाडीबरोबर देऊ नका. तो त्या गाडीच्या नंबराला जोडलेला असतो, म्हणून बँकेकडून बंद करून घ्या आणि अनामत व शिल्लक परत मागा. नाहीतर नवा मालक समृद्धीवरून जालन्याहून नागपूरला जाईल आणि टोलचे मेसेज तुम्हाला येत राहतील. नव्या गाडीचा फास्टॅग शोरूम चेसिस नंबरावर देतं. पाटी बसली की त्यात गाडीचा नंबर भरून घ्यायचा, गाडी घेतल्यापासून ९० दिवसांच्या आत, नाहीतर टॅग बंद पडतो. नंबर भरताना आरसी समोर ठेवा. आकडे तेच असले तरी मधली अक्षरं नवी आहेत, आणि सवयीनं बोट जुन्याच अक्षरांवर जातं.