क्षेत्रफळ आणि घनफळ: सूत्रात नेमकी कोणती लांबी घालायची?

महत्त्वमापनाच्या उदाहरणात सूत्र तोंडपाठ असूनही उत्तर चुकते, तेव्हा बहुतेक वेळा सूत्रात घातलेली लांबी चुकीची असते. म्हणून उदाहरण वाचून झाले की आधी कच्ची आकृती काढावी, दिलेली मापे तिच्यावर लिहावीत आणि पाया कोणता व त्या पायाला लंब असलेली उंची कोणती, हे ठरवूनच सूत्राकडे वळावे.

आयताचे क्षेत्रफळ लांबी गुणिले रुंदी असते, हे सर्वांना माहीत असते. बाकीची बरीच सूत्रे त्यातूनच निघतात. समांतरभुज चौकोनाच्या एका बाजूचा त्रिकोणी तुकडा कापून दुसऱ्या बाजूला जोडला की आयत तयार होतो, म्हणून त्याचे क्षेत्रफळ पाया × उंची इतके येते. समजा, लगतच्या बाजू १२ सेमी व १० सेमी आहेत आणि १२ सेमी पायावरील उंची ८ सेमी आहे. येथे क्षेत्रफळ १२ × ८ = ९६ चौसेमी येते. १२ × १० = १२० हे उत्तर लिहिणाऱ्याने तिरकी बाजू हीच उंची मानलेली असते. त्रिकोण हा समांतरभुज चौकोनाचा अर्धा भाग असल्याने त्याच्या सूत्रात १/२ येतो. समलंब चौकोनाच्या दोन एकरूप प्रती उलटसुलट जोडल्या की पुन्हा समांतरभुज चौकोनच मिळतो, म्हणून समांतर बाजूंची बेरीज उंचीने गुणून निम्मी करायची.

वर्तुळाचे सूत्रही असेच पाहता येते. वर्तुळाच्या अनेक बारीक पाकळ्या कापून त्या आलटूनपालटून वर-खाली टोके करून मांडल्या, तर जवळजवळ आयत दिसू लागतो. त्याची लांबी अर्ध्या परिघाएवढी आणि रुंदी त्रिज्येएवढी असते, आणि त्यांचा गुणाकार म्हणजेच पाय (π, सुमारे २२/७) × त्रिज्येचा वर्ग. हे एकदा कागद कापून करून पाहावे, असा माझा आग्रह आहे, कारण हाताने जुळवलेले सूत्र सहसा विसरत नाही.

घनफळाकडे जाताना तोच विचार एक पायरी वर न्यायचा. इष्टिकाचिती (विटेसारखा ठोकळा), लोलक (प्रिझम), वृत्तचिती (नळकांडे) अशा, तळापासून माथ्यापर्यंत सारखाच छेद असलेल्या आकृत्यांचे घनफळ तळाचे क्षेत्रफळ × उंची इतके असते. टोकाशी निमुळत्या होणाऱ्या शंकू आणि सूची (पिरॅमिड) यांचे घनफळ मात्र त्याच्या १/३ असते. त्रिकोणात अर्धा येतो म्हणून येथेही अर्धाच येईल, असे वाटणे स्वाभाविक आहे, आर्यभटाच्या इ. स. ४९९ मधील ग्रंथातील श्लोकाचा रूढ अर्थ घेतला तर सूचीसाठी तेथे अर्धाच सांगितलेला आढळतो, आणि ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये १/३ हे योग्य प्रमाण दिले. ते पटवून घेण्यासाठी घनाचा मध्यबिंदू त्याच्या आठही शिरोबिंदूंना जोडावा. सहा पृष्ठांवर सहा सारख्या सूची तयार होतात, त्यामुळे प्रत्येकीचे घनफळ घनाच्या १/६ असते. पण प्रत्येकीची उंची घनाच्या बाजूच्या निम्मी असल्याने तळ × उंची हा गुणाकार घनाच्या घनफळाच्या निम्मा येतो, आणि १/६ हा १/२ चा तिसरा हिस्सा आहे.

शंकूत दोन उंच्या असतात, आणि सर्वाधिक गोंधळ येथेच होतो. तळाची त्रिज्या ७ सेमी आणि लंब उंची २४ सेमी असेल, तर पायथागोरसच्या प्रमेयाने तिरकस उंची २५ सेमी येते. घनफळासाठी लंब उंची घ्यायची: १/३ × २२/७ × ४९ × २४ = १२३२ घसेमी. वक्रपृष्ठफळासाठी तिरकस उंची घ्यायची: २२/७ × ७ × २५ = ५५० चौसेमी.

गोलासाठी आर्किमिडीजचा शोध लक्षात ठेवावा. गोल ज्या वृत्तचितीत तंतोतंत बसतो, तिच्या घनफळाच्या २/३ हे गोलाचे घनफळ आणि तिच्या एकूण पृष्ठफळाच्या २/३ हे गोलाचे पृष्ठफळ असते.

एककांची काळजी आकडेमोडीच्या आधीच घ्यावी. १ चौरस मीटर म्हणजे १०,००० चौसेमी, पण १ घनमीटर म्हणजे १०,००,००० घसेमी, अर्थात १००० लिटर. टाकी आतून १.५ मीटर लांब, ८० सेमी रुंद आणि ६० सेमी उंच असेल, तर १५० × ८० × ६० = ७,२०,००० घसेमी, म्हणजे ७२० लिटर धारकता होते. लांबीचे सेंटिमीटर न करता गुणाकार केला, तर ७२०० हा निरर्थक आकडा हाती येतो.

जोडून तयार झालेल्या भरीव आकृतीत घनफळांची सरळ बेरीज होते, पृष्ठफळांची होत नाही. ७ सेमी त्रिज्येच्या व १० सेमी उंचीच्या वृत्तचितीवर त्याच त्रिज्येचा अर्धगोल बसवला, तर बाहेर दिसणारे भाग तीनच: वृत्तचितीचे वक्रपृष्ठ ४४०, अर्धगोलाचे वक्रपृष्ठ ३०८ आणि खालचा तळ १५४, एकूण ९०२ चौसेमी. दोन्ही आकृत्यांची एकूण पृष्ठफळे मिळवणाऱ्याला १२१० मिळतात. हे जादा ३०८ म्हणजे सांध्यात झाकले गेलेले वर्तुळ दोनदा मोजल्याचा परिणाम होय.

वितळवून नवी वस्तू करण्याच्या उदाहरणात घनफळ कायम राहते, म्हणून दोन घनफळांचे समीकरण मांडावे आणि पायची किंमत घालण्याची घाई करू नये. ६ सेमी त्रिज्येचा गोल वितळवून २ सेमी त्रिज्येची वृत्तचिती केली, तर ४/३ × पाय × २१६ = पाय × ४ × उंची; दोन्हीकडचा पाय निघून जातो आणि २८८ ला ४ ने भागून उंची ७२ सेमी मिळते.